गाडीचा जन्म कधीचा?

आजची गोष्ट ब्रिटनमधल्या नंबर प्लेटवरच्या एका अक्षराची.

१९५७ साली तिथे लोटस सेव्हन आली. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर नाही. मग लोक किट आणून घरच्या गॅरेजमध्येच गाडी जोडायचे. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. हौस मात्र टिकली.

पण नंबरचं काय? १९६३ पासून तिथे हळूहळू प्लेटवरच्या अक्षरावरून गाडीचं वय कळू लागलं होतं. आता बघा, चॅसिस नवी, इंजिन जुन्या फोर्डचं, गिअरबॉक्स भंगारातला. मग गाडी जन्मली कधी? सगळे पार्ट नवे असल्याचा पुरावा दिला, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. वय ठरवताच आलं नाही, तर १९८३ पासून 'क्यू' मिळतो.

काहींना क्यू म्हणजे गाडीवरचा डाग वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. खोटं वय चिकटवण्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणणं बरं, नाही का? म्हणूनच गाडी जोडणारा पान्याइतक्याच पावत्याही सांभाळतो. त्याच्या गाडीचा इतिहास त्या पावत्यांतच असतो.