एकवीस किलोमीटर: कशाचे अर्धे?

नाताळची धामधूम ओसरली की दोन दिवस रत्नागिरीस धाकट्या बंधूंच्या घरी जाऊन राहावे, असा आमचा काही वर्षांचा परिपाठ आहे. प्रकटीकरणाच्या रविवारी धर्मग्राम सोडून जाणे धर्मगुरूस शोभत नाही, हे आम्ही जाणतो. पण सहायक धर्मगुरूंनी भार उचलला आणि आम्ही निघालो. तेथे गेल्यावर कळले, की रविवारी पहाटे पुतण्या अर्धमॅरेथॉन धावणार आहे. २०२४च्या जानेवारीपासून रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉन या नावाची शर्यत होऊ लागली आहे. तीत एकवीस किलोमीटरचे अंतर असते आणि गावोगावचे धावपटू त्यासाठी येतात. पुतण्याने शनिवारी सायंकाळीच मिस्सा ऐकली होती, त्यामुळे त्या बाबतीत आम्हांस बोलण्यास जागा उरली नाही.

बोलण्याचे कारण निराळेच निघाले. रात्री जेवताना त्याने आपला बेत सांगितला. शर्यत सुरू होण्यापूर्वी अंधारात तो सहा किलोमीटर धावणार, मग इतरांबरोबर आरंभरेषेवर उभा राहणार, एकवीस किलोमीटर संपवणार आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर न थांबता आणखी तीन किलोमीटर जाणार. एकूण तीस. फेब्रुवारीअखेरीस त्यास पूर्ण मॅरेथॉन धावायची होती आणि ही सारी त्याची पूर्वतयारी होती.

बंधूंचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी अशाच एका शर्यतीत अठराव्या किलोमीटरपाशी हा मुलगा भोवळ येऊन रस्त्याच्या कडेला बसला होता आणि त्यास सलाईन लावावे लागले होते. जो एकवीसही पुरते करू शकला नाही, त्याने तीस धावावे, हा हिशेब बंधूंना कळेना. आमची हरकत वेगळी होती. शर्यतीत नाव घालायचे आणि शर्यत धावायची नाही, हा इतर स्पर्धकांचा उपमर्द नव्हे काय? आम्ही तसे बोलूनही दाखवले. पुतण्या म्हणाला, “काका, गेल्या वर्षी मी शर्यत धावलो म्हणूनच पडलो. उद्या मला शर्यतीच्या मधून नुसते जायचे आहे.” मग त्याने आम्हांलाच एक प्रश्न टाकला: “तुम्ही इतिहास वाचता ना? मग सांगा, हे एकवीस किलोमीटर कशाचे अर्धे?”

उत्तर सोपे वाटले. ते तसे नाही, हे घरी परतल्यावर पुस्तके उघडली तेव्हा ध्यानात आले.

मॅरेथॉन म्हटले, की इसवी सनापूर्वी ४९० या वर्षीच्या रणभूमीवरून विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावत आलेला आणि ती सांगून प्राण सोडणारा दूत आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्या युद्धाचा सर्वांत जुना वृत्तान्त लिहिणाऱ्या हेरोडोटसला ही कथा ठाऊक नाही. त्याने सांगितलेला दूत युद्धापूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला गेला. ते अंतर सुमारे २४० किलोमीटरचे असून तो दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. अथेन्सला येऊन मरणाऱ्या दूताची कथा कित्येक शतकांनंतर प्लुटार्कच्या लेखनात येते. प्राचीन ग्रीकांच्या क्रीडामहोत्सवांत एवढ्या लांबीची शर्यत तर कधी नव्हतीच. तेथील सर्वांत लांब धाव पाच किलोमीटरांच्याही आतली असे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना ज्या धावण्याचा दाखला दिला, ती करिंथजवळच्या इस्थमियन खेळांतील मैदानावरची धाव समजावी. लांब पल्ल्याचे धावणे हा ग्रीकांच्या दृष्टीने खेळ नव्हता. तो निरोप्यांचा पेशा होता आणि त्यांच्यासाठी ‘दिवसभर धावणारा’ या अर्थाचा एक शब्दच त्यांच्या भाषेत होता.

शर्यत निर्माण झाली ती १८९६ साली. आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या मेळाव्यात मॅरेथॉन ते अथेन्स अशी धाव ठेवावी, ही सूचना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताची. (त्या चळवळीचे ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलशाली’ हे ब्रीदही दोमिनिकन संघाचे एक धर्मगुरू फादर हेन्री दिदों यांच्याकडून आले, हे आपल्या वाचकांस रुचेल.) ते अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते. ग्रीकांनी त्याआधी काही आठवडे त्याच वाटेवर निवडीच्या शर्यती घेतल्या. पुढे ऑलिंपिक जिंकून राष्ट्रवीर ठरलेला स्पिरिदोन लुईस अशा एका चाचणीत पाचवा आला होता. पुतण्यास हा तपशील आम्ही मुद्दाम कळवला.

मग बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर हा विचित्र आकडा आला कोठून? १९०८ साली लंडनमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू होऊन क्रीडागारात राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी, असे ठरले. मोजणी झाली ती सव्वीस मैल ३८५ यार्ड. त्यानंतरही अंतर बदलतच राहिले आणि १९२१ साली लंडनचा तो आकडा प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. तेव्हा आमचा पुतण्या जे अर्धे धावतो, ते राजघराण्याच्या सोयीसाठी आखलेल्या वाटेचे अर्धे होय. अर्धमॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये तर कधी आलीच नाही. तिची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली ती १९९२ साली.

निरोप्यांचा पेशा आपल्याकडेही होता. त्यांना आपण जासूद म्हणत असू, काशीद म्हणत असू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांना कोणा सरदाराकडून मिळाली नाही. नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीवर निघालेला सावकारांचा एक काशीद नर्मदेच्या परिसरात पेशव्यांच्या लष्कराला आढळला आणि त्याच्याजवळचे पत्र फोडले गेले. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा सांकेतिक मजकूर प्रत्येक मराठी शाळकरी मुलास ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पेशवे पर्वतीवर निवर्तले. मोती कोण आणि मोहरा कोण, यावर आपण रकानेच्या रकाने लिहिले. ते पत्र कमरेस बांधून पळणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत टपाल खात्यात ‘रनर’ हे पदच होते. खांद्यावर थैली, हाती घुंगरांचा भाला, आणि एका टप्प्याच्या शेवटी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन थैली. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद होत, तेव्हा कोकणास बाहेरच्या जगाशी जोडून ठेवण्यात अशा पायांचा वाटा होता. त्या माणसाचे काम म्हणजे मोठ्या वाटेतला आपला तुकडा उद्याही धावता येईल अशा बेताने पुरा करणे. ऊर फुटेस्तोवर धावणारा रनर टपाल खात्याच्या उपयोगाचा नसे.

ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते यानंतरचे आहे. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. १९१९ साली तिच्या क्रीडामहोत्सवात पंचवीस मैलांच्या आसपासची एक रस्त्यावरची शर्यत होती आणि तिला ‘मॅरेथॉन’ असेच नाव दिलेले होते. धावणारे बहुतेक शेतकरी, पायांत काही नाही. पुढे १९२९ साली ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी या प्रसंगाची हकीकत दिली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या धावपटूंची सरावाची आणि तंत्राची कल्पना अगदी प्राथमिक होती, तरीही त्यांतील काहींच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळ जाणाऱ्या होत्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तेथे हजर होते. काही धावपटूंना आपण स्वखर्चाने अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवू, असे दोराबजींनी बोलून दाखवले आणि भारताचा पहिला ऑलिंपिक संघ असा जमला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, आणखी धावपटू होते. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्लही होते.

आगबोटीचा प्रवास, इंग्लंडमध्ये काही आठवड्यांचा सराव, आणि मग २२ ऑगस्ट १९२०. अँटवर्पची वाट ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला.

एकोणिसावा हा क्रमांक वाचून आपण पान उलटतो, कारण पदक नाही. आम्ही त्यापाशी बराच वेळ अडखळलो. अनवाणी पायांनी गावच्या रस्त्यांवर धावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने जगाच्या अव्वल धावपटूपासून अठरा मिनिटांच्या अंतरावर यावे, यात कमतरता त्याच्या अंगी होती काय? आमच्या मते कमतरता होती ती पुण्याची एक शर्यत आणि अँटवर्पची दुसरी शर्यत यांच्या मधल्या जागेत. शर्यत भरवणे आपल्याला जमले होते. पण माणूस वर्षभर तयार करावा लागतो, त्यास रोज किती आणि कसे धावू द्यावे याचे शास्त्र असते, हे कोणाच्या गावी नव्हते. एक शर्यत म्हणजेच सारी तयारी, अशी आपली समजूत होती. ती पुरती गेली आहे असे आम्हांस आजही वाटत नाही. आम्ही स्वतः सेमिनरीत असताना वार्षिक क्रीडादिनी, वर्षभर एक पाऊल न पळता, लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरे आलो. पुढचा आठवडाभर जिना उतरता येत नव्हता आणि त्याची आम्ही फुशारकी मारीत होतो.

या शास्त्राचा एक मोठा आचार्य ऑलिंपिकपासून फार दूर, न्यूझीलंडमध्ये निपजला. आर्थर लिडियार्ड हा पादत्राणांच्या कारखान्यात काम करणारा मनुष्य. त्याने कोणाच्या ग्रंथावर विसंबून न राहता स्वतःच्याच पायांवर प्रयोग केले. आठवड्यातून एकदा, रविवारी, ऑकलंडजवळच्या डोंगररस्त्यांवर बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर धावायचे आणि तेही बोलता येईल इतक्या बेताने, हा त्याचा दंडक. नवल असे, की त्याचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा असूनही हीच वाट चाले. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल आणि ५००० मीटर धावणारा मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली आणि बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. त्याच मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पायांनी पहिला आला. अनवाणीपण हा चौगुल्यांच्या मार्गातला अडसर नव्हता, याला याहून चांगला पुरावा कोणता?

लांब आणि संथ धावण्यामागचे कारण वैद्यकाने पुढे उलगडून दाखवले. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारणपणे तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते. त्यापुढे शरीरास चरबी जाळावी लागते. ही सवय लागण्यास पुष्कळ महिने जातात, आणि ती लागते दमछाक न होऊ देता दीर्घकाळ धावल्याने. धाप लागेपर्यंत पळणारा आपला साठा लवकर उडवून बसतो. गेल्या वर्षी अठराव्या किलोमीटरपाशी बसलेल्या आमच्या मुलाची चूक हीच होती. त्यात कोकणातील दमट हवा, आणि अंगातले मीठ घामावाटे जात असताना पोटात नुसते पाणी.

मग एकट्यानेच का धावू नये, शर्यत हवी कशाला? रत्नागिरीच्या रस्त्यांवर पहाटे चालून पाहिलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही. चढ आणि उतार एकामागून एक, वळणावरून अचानक येणारे ट्रक, अंधारात अंगावर धावून येणारी कुत्री. शर्यतीच्या दिवशी वाहने आवरलेली असतात, ठरावीक अंतरावर पाणी असते, डॉक्टर असतात, सोबत असते. मोह तेवढा एकच, पण तो मोठा: शेजारचा पुढे गेला की आपणही पाय उचलावा. ज्यास तीस किलोमीटर जायचे आहे, त्याने एकवीसपर्यंत हा मोह आवरला पाहिजे.

त्या रविवारी तो घराबाहेर पडला तेव्हा बाहेर काळोख होता. बंधू दाराशी उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोघे नंतर अंतिम रेषेपाशी जाऊन थांबलो. गेल्या वर्षी त्याने एक तास पंचेचाळीस मिनिटांचा बेत केला होता. या खेपेस दोन तास दहा मिनिटे ठरवली होती. पावणेदोन तास झाले, दोन झाले. त्याच्या वयाची मुले येऊन गेली, केस पिकलेले गृहस्थ आले, दोन शाळकरी मुलींची आई आली. बंधू दर मिनिटास घड्याळ पाहत होते. दोन तास अकरा मिनिटांनी तो वळणावर दिसला. चेहरा लाल, पण पाऊल सरळ पडत होते. रेषा ओलांडली, कोणीतरी गळ्यात पदक घातले, केळे हातात दिले. त्याने मान लववून आभार मानले आणि तसाच पुढे धावत सुटला. “अहो, संपली, संपली!” म्हणत एक स्वयंसेवक त्याच्यामागे चार पावले पळाला. लोक हसले. बंधूही हसले, रात्रीपासून प्रथमच.

वीसेक मिनिटांनी तो परत आला, जांभ्याच्या एका बुटक्या गडग्यावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. बंधूंनी बाटलीतले मीठ घातलेले कोकमाचे पाणी पुढे केले. ते त्याने सावकाश, घोट घोट घेत संपवले. मग मनगटावरचे घड्याळ पाहून म्हणाला, “शंभर मीटर जास्तच झाले, काका.” घरी भावजयीने घावन घालायला घेतले असतील, याची आठवण तेवढ्यात बंधूंना झाली आणि आम्ही तिघे चालत निघालो, चढावर तो आमच्याही मागे राहत होता.