रंगरेजाची विद्या

शाळेच्या इतिहासात सुती कापड येते ते व्यापाराच्या धड्यात. ढाक्याची मलमल, सुरतेची वखार, मँचेस्टरच्या गिरण्या. कापड रंगवणारा माणूस मात्र त्यात कुठे दिसत नाही. त्याला आपण रंगरेज म्हणतो. शब्द फारसी, 'रेज' म्हणजे ओतणारा. शब्द सुंदर आहे, पण थोडी दिशाभूल करणारा. कारण नुसता रंग ओतून सुती कापड रंगत नाही.

लोकर आणि रेशीम झाडपाल्याचे रंग बऱ्यापैकी धरतात. कापूस अडून बसतो. मंजिष्ठाच्या पाण्यात कोरे सुती कापड उकळले तर रंग चार धुण्यांतच उतरतो. रंग आणि सूत यांच्यामध्ये दुवा लागतो, आणि तो आपल्या कारागिरांनी हिरडा व तुरटीत शोधला. हिरड्याचा तुरट अंश सुताला बिलगतो, तो तुरटीला धरतो आणि तुरटी रंगाला. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती तुकड्यावर मंजिष्ठाच्या कुळातला रंग मिळाला आहे. म्हणजे ही समज चार हजार वर्षांहून जुनी असावी. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यांत गुजरातची ठसेकामाची कापडे सापडली. बरीच तेराव्या ते पंधराव्या शतकांतली, काही त्याआधीची. त्यांचा लाल-निळा रंग आजही ओळखू येतो.

त्याच परंपरेतले अजरख कच्छचे मुस्लिम खत्री आजही छापतात. राव भारमल यांच्या काळात, सुमारे चारशे वर्षांपूर्वी, पूर्वज सिंधमधून येऊन सारण नदीकाठी धमडका गावी वसले, असे ही घराणी सांगतात. 'अजरख' हा शब्द अरबीतल्या 'अज़रक' म्हणजे निळा याच्याशी जोडतात. कारागीर मात्र 'आज के दिन रख' असा अर्थ लावतात. भाषाशास्त्राला तो पटणार नाही, पण कामाची रीत त्यात नेमकी आली आहे.

कापड सोडा, एरंडेल आणि उंटाच्या शेणात भिजवायचे, वाळवायचे, धुवायचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवले की ते पिवळसर होते. चुना व गोंदाच्या लेपाने पांढऱ्या रेषा राखायच्या. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून चिंचोक्याच्या पिठाने दाट केले की काळा छाप. लाल हवे तिथे तुरटी छापायची, आणि गंमत अशी की तेव्हा तिथे लाल काहीच दिसत नाही. नंतर निळीच्या हौदात बुडवायचे. कापड हिरवट निघते आणि हवा लागताच निळे होते. वाहत्या पाण्यात धुऊन शेवटी मुळांच्या काढ्यात उकळले की तुरटीच्या जागी लाल उमटतो. हे रसायनशास्त्र नव्हे तर काय? पण ज्याला ते हातात होते त्याला आपण अडाणी म्हणत आलो, आम्ही बी.एड.वाले धरून.

आपल्या वऱ्हाडात आलची शेती होई. तिच्या मुळांपासून लाल रंग काढत. १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपी मंजिष्ठातले ॲलिझरिन प्रयोगशाळेत बनवले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. मग स्वस्ताईपुढे आल टिकली नाही, निळीचे मळेही ओस पडत गेले. कच्छमध्येही रासायनिक रंग शिरले. धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी जुनी रीत पुन्हा हाती घेतली आणि मुलांना शिकवली. त्यांचे पुत्र इस्माईल खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

त्याआधी २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका उद्ध्वस्त झाले होते. नदी आधीच आटत गेली होती. आता जमिनीखालच्या पाण्यात लोखंड वाढले. जे लोखंड छापात काळा रंग देते तेच पाण्यात आले की लाल रंग मळकट करते. म्हणून बरीच घराणी पाणी पाहून भुजजवळ नव्या जागी गेली, आणि गावाचे नाव ठेवले अजरखपूर. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. लाल रंगासाठी आज कित्येक ठिकाणी कारखान्यातले ॲलिझरिनच वापरतात. हिरडा, तुरटी आणि गुळात आंबवलेले लोखंड मात्र तेच आहे.