पेटी आणि अकॉर्डियन : स्वस्ताईचा एक इतिहास

बुलढाण्याच्या आमच्या एका स्नेह्यांनीं मध्यंतरीं आम्हांस विचारलें, "मुलीला पियानो अकॉर्डियन शिकावयाचें आहे. आमच्या ऐपतींत बसेल असें कोणतें घ्यावें?" प्रश्न साधा दिसतो, परंतु ऐपतींत बसणारें वाद्य म्हणजे कोणतें, याचें उत्तर दुकानांतील किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलें नसतें. आमच्या समाजानें हाच प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं एकदां सोडविला आहे. त्या वेळीं वाद्य होतें हार्मोनियम, म्हणजे आपली बाजाची पेटी. तो इतिहास पाहिल्यावांचून आजच्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पेटी आणि अकॉर्डियन हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. धातूचें एक पातळ पातें चौकटींत एका टोकाशीं घट्ट बसवावें, दुसरें टोंक मोकळें ठेवावें, आणि भात्याचा वारा त्यांतून जाऊं द्यावा, म्हणजे पातें कंप पावून सूर निघतो. चीनमधील शेंग या प्राचीन वाद्यांत हेंच तत्त्व आहे. युरोपांत त्याचा खरा विस्तार एकोणिसाव्या शतकांत झाला. व्हिएन्ना येथें सिरिल डेमियन यांनीं १८२९ सालीं अकॉर्डियनचें पेटंट घेतलें, आणि पॅरिस येथें अलेक्झांद्र दबें यांनीं १८४२ सालीं हार्मोनियमचें. दोघांत अंतर अवघें तेरा वर्षांचें. मग एक भावंड आमच्या घरोघर नांदलें आणि दुसरें शहरांतच राहिलें, हें कां?

हिंदुस्थानांत आलेली पहिली हार्मोनियम खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनीं भाता चालवून, दोन्ही हातांनीं वाजविण्याची होती. ती जड होती, महाग होती, आणि बैठकीवर बसणाऱ्या आमच्या गवयांना गैरसोयीचीही होती. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यास वाद्यांचा व्यापार सुरू करणारे द्वारकानाथ घोष यांचें नांव या वाद्याच्या देशी रूपाशीं जोडलें जातें. पायांचा भाता काढून तो पाठीमागें आला, आणि तो डाव्या हातानें हालवितां येऊं लागला. ही गोष्ट केवळ सुताराच्या कसबाची नव्हती. आमच्या संगीतांत एका वेळीं एकच स्वरपंक्ति चालते. पाश्चात्यांप्रमाणें अनेक स्वरांचे मेळ एकदम वाजवावे लागत नाहींत. त्यामुळें एक हात मोकळा सांपडला, आणि पायांचें काम त्यानें पत्करलें. जें आपल्या गाण्यास नको तें गळून पडलें, म्हणून पेटी लहान झाली. लहान झाली, म्हणून स्वस्त झाली.

महाराष्ट्रांत तिला रंगभूमीनें प्रतिष्ठा दिली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आलें, आणि संगीत नाटकांचें युग सुरू झालें. आरंभीं साथीस सारंगी असे; पुढें पेटीनें आणि ऑर्गननें तिची जागा घेतली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या थोर वादकानें तर पेटीला स्वतंत्र मैफलीचें वाद्य बनविलें. नाटकांतील पद लोकांच्या ओठीं बसलें, कीं तें घरीं वाजवून पाहण्याची हौस येणारच.

बुलढाणा जिल्हा या लाटेपासून दूर नव्हता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं गांवें त्यावर आलीं. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत फांटा निघाला, तो तेथील कापसाच्या पेठेसाठीं. ज्या वाटेनें कापूस मुंबईस गेला, त्याच वाटेनें शहरचा माल आणि नाटकमंडळ्या वऱ्हाडांत आल्या. तथापि पेटी येथें खऱ्या अर्थानें रुजली ती भजनांत. टाळ-मृदंगाच्या जोडीला गांवच्या मंडळींनीं वर्गणी काढून घेतलेली पेटी आजही या जिल्ह्याच्या खेड्यांतून ऐकूं येते. वर्गणीचें वाद्य सर्वांचें असतें. तें बंद पडून चालत नाहीं, आणि दुरुस्तीसाठीं मुंबईस पाठविणेंही परवडत नाहीं.

पेटीवर आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. तिच्या बारा पट्ट्या समान अंतरांनीं लावलेल्या असल्यामुळें तिचा शुद्ध गांधार खऱ्या गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. आणि मींड तर तिच्यावर निघतच नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीं बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करविली. विचार उत्तम होता. पण अधिक सुरांची ती पेटी अधिक खर्चाची आणि वाजविण्यास अवघड झाली, व घरोघर गेली नाहीं. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही पेटीस विरोध होता. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनें तिला बंदी केली, ती १९७१ सालीं कांहीं अटींवर शिथिल झाली. या तीस वर्षांत रेडिओवरून पेटी गेली, पण घरांतून गेली नाहीं. ज्या मुलीस तंबोरा जुळवितां येत नाहीं, आणि जिच्या गांवीं गवई नाहीं, तिला 'सा' कोठें आहे हें सांगणारें दुसरें कोण होतें? किंचित् चढा गांधार आणि गांधारच नाहीं, यांत समाजानें पहिल्याची निवड केली. ती निवड चुकीची होती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां अकॉर्डियनकडे वळूं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत त्याचें स्थान मोठें आहे. गुडी सीरवई आणि केरसी लॉर्ड यांचीं नांवें, आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचें वादन, रसिकांस ठाऊक आहे. 'आराधना' (१९६९) चित्रपटांतील 'रूप तेरा मस्ताना' या गीतांतील अकॉर्डियन लॉर्ड यांचें. एवढें होऊनही तें भजनांत शिरलें नाहीं. याचें कारण वाद्य उघडल्यावर कळतें. पेटींतलीं पातीं पट्टीवर स्क्रूनें बसविलेलीं असतात. गांवचा हुशार कारागीर सूर काढतो, टोंकाकडे किंचित् खरवडून चढवितो, मुळाकडे खरवडून उतरवितो, आणि पुन्हां बसवितो. पेटीचे सूर सौराष्ट्रांतील पालिताणा येथें बनतात, म्हणून नवा सूरही मिळतो. अकॉर्डियनमध्यें भाता उघडतांना एक आणि मिटतांना दुसरें अशीं प्रत्येक सुरास निदान दोन पोलादी पातीं लागतात, आणि तीं बहुधा मेणानें चिकटविलेलीं असतात. वैशाखांत बंद मोटारींत वाद्य राहिलें, तर मेण मऊ होऊन पातें निसटावयाचें. मग तें बसविणारा माणूस जिल्ह्यांत शोधून सांपडणें कठीण.

म्हणून स्नेह्यांस आम्ही असें लिहिलें : डाव्या हाताच्या बटणांच्या संख्येवर भुलूं नका. एकशेंवीस बटणें आणि एकेचाळीस पट्ट्या असलेलें मोठें वाद्य दहा किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड असतें, आणि त्यांतील बहुतेक बटणें स्वरमेळांसाठीं असल्यामुळें आपल्या पदांस लागत नाहींत. सव्वीस पट्ट्यांचें लहान वाद्य दोन सप्तकांपुरतेंच असतें. गाणाऱ्याची पट्टी बदलली कीं तें अपुरें पडतें. चौतीस पट्ट्या आणि बहात्तर बटणें हा मध्यम मार्ग बरा. प्रत्येक पट्टी भाता उघडतांना आणि मिटतांना, दोन्ही वेळां, वाजवून पाहा. कोणतीही पट्टी न दाबतां भाता उघडून धरा. तो आपल्या वजनानें झरझर मिटला, तर वारा गळतो आहे असें समजा. कित्येक अकॉर्डियनांत दोन पातीं मुद्दाम थोडीं वेगळीं लावून सूर लहरता ठेवतात. तो कानास गोड लागतो, पण शिकणाऱ्याच्या सुरास घातक. एकाच पात्याचा सूर निघण्याची सोय आहे कीं नाहीं हें पाहा. आणि सर्वांत आधीं, दुरुस्त करणारा कोठें राहतो आणि काय घेतो, हें विचारा. त्याचा खर्च किमतींत मिळवा, आणि मग वाद्य स्वस्त कीं महाग तें ठरवा.

हें सारें जमत नसेल, तर चांगली पेटी घ्यावी. तिच्यावर बोटें बसलीं म्हणजे उजव्या हाताचें निम्में काम झालें. मात्र मुलीचें मन अकॉर्डियनवरच असेल, तर खर्चाच्या भीतीनें तिला अडवूं नये, असें आम्हांस वाटतें. पेटी आली तेव्हांही ती परकीच होती, आणि तिलाही नांवें ठेवणारे विद्वान होते. घरांत बंद पेटाऱ्यांत पडून राहील तेंच वाद्य महाग. रोज संध्याकाळीं वाजेल तें, कितीही किमतीचें असो, ऐपतींतलेंच होय.