रामसर करार आणि ठाणे खाडीचे प्रशासन

ठाणे खाडी हे मुंबई, ठाणे व नवी मुंबई या शहरांच्या मध्ये पसरलेले आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र असून नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे ते महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ आहे. १३ एप्रिल २०२२ ही या नोंदीची तारीख असून नोंदलेले क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर आहे. रामसर करार हा सरकारांमधील करार आहे. त्याचा कारभार सदस्य राष्ट्रांची परिषद, स्थायी समिती व सचिवालय यांच्यामार्फत चालतो. प्रत्यक्ष स्थळाचे संरक्षण मात्र त्या त्या देशाचे कायदे व यंत्रणा यांच्यावर अवलंबून असते. ठाणे खाडीच्या बाबतीत ही साखळी स्वित्झर्लंडमधील ग्लांद येथील सचिवालयापासून नवी मुंबईतील ऐरोली येथील वनविभागाच्या केंद्रापर्यंत पोहोचते.

पार्श्वभूमी

सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या दोन्ही तीरांवर कांदळवने आहेत आणि ओहोटीच्या वेळी विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. १९९० च्या दशकापासून येथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोठ्या संख्येने येऊ लागले. लहान रोहित व मोठा रोहित या दोन्ही जाती येथे आढळतात. लहान रोहितांची संख्या अधिक असते.

राज्य शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ऐरोली व वाशी येथील पुलांदरम्यानचे खाडीच्या पश्चिमेकडील १,६९०.५ हेक्टर क्षेत्र ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केले. यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन असून उर्वरित भाग जलक्षेत्राचा आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२१ मध्ये अभयारण्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. अभयारण्य व हे संवेदनशील क्षेत्र मिळून पुढे रामसर स्थळाची सीमा ठरली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या ११ नव्या स्थळांत ठाणे खाडीचा समावेश होता. त्या वेळी देशातील रामसर स्थळांची संख्या ७५ झाली.

कराराची रचना

इराणमधील रामसर या शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी हा करार स्वीकारण्यात आला आणि २१ डिसेंबर १९७५ रोजी तो अमलात आला. भारतासाठी तो १ फेब्रुवारी १९८२ पासून लागू आहे. २ फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो.

सदस्य राष्ट्रांची परिषद हे कराराचे सर्वोच्च मंडळ होय. ती साधारणपणे दर तीन वर्षांनी भरते, अंदाजपत्रक व ठराव संमत करते आणि सदस्य देशांच्या अहवालांचा आढावा घेते. निर्णय शक्यतो सर्वसहमतीने घेतले जातात. परिषदेची चौदावी बैठक नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधील वुहान व स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे, तर पंधरावी बैठक जुलै २०२५ मध्ये झिंबाब्वेमधील व्हिक्टोरिया फॉल्स येथे झाली.

दोन परिषदांच्या मधल्या काळात कारभार पाहणारे मंडळ म्हणजे स्थायी समिती. एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाशी तिची तुलना करता येते. तिची स्थापना १९८७ मध्ये कॅनडातील रेजिना येथील परिषदेत झाली. जगाच्या सहा विभागांतून सदस्य देश निवडले जातात. मागील व पुढील परिषदेच्या यजमान देशांनाही समितीत स्थान असते. परिषदेच्या निर्णयांची अंमलबजावणी, खर्चावर लक्ष आणि सचिवालयाच्या कामावर देखरेख ही समितीची मुख्य कामे आहेत.

सचिवालय ग्लांद येथे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ (आययूसीएन) या संस्थेने त्याचे यजमानपद स्वीकारले असून सचिवालयाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नाही. भारतीय कृषिशास्त्रज्ञ मं. सां. स्वामिनाथन हे १९८४ ते १९९० या काळात या संघाचे अध्यक्ष होते. शास्त्रीय बाबींवर सल्ला देण्यासाठी स्वतंत्र वैज्ञानिक व तांत्रिक मंडळ आहे. सदस्य देशांची वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणाला अनुसरून ठरते.

यांशिवाय बर्डलाइफ इंटरनॅशनल, वेटलँड्स इंटरनॅशनल, डब्ल्यूडब्ल्यूएफ आदी सहा संस्थांना कराराच्या भागीदार संस्था म्हणून मान्यता आहे. त्या सल्ला देतात व बैठकांना उपस्थित राहतात, पण मतदानाचा अधिकार सदस्य राष्ट्रांनाच आहे.

अधिकारांची मर्यादा

रामसर दर्जा मिळाला म्हणजे त्या जागेचा ताबा आंतरराष्ट्रीय संस्थेकडे जातो, असा समज अनेकदा आढळतो. प्रत्यक्षात करारातच सदस्य देशाचे सार्वभौमत्व अबाधित राहील असे नमूद केले आहे. स्थायी समिती किंवा सचिवालय एखाद्या प्रकल्पाला परवानगी देऊ शकत नाही, नाकारू शकत नाही अथवा दंडही करू शकत नाही.

सदस्य देशावर पुढील प्रमुख बंधने येतात :

• नोंदलेल्या स्थळाचे संवर्धन होईल आणि देशातील सर्व पाणथळ जागांचा ‘सुज्ञ वापर’ होईल अशा रीतीने नियोजन करणे.
• स्थळाच्या पर्यावरणीय स्वरूपात मानवी हस्तक्षेपामुळे बदल झाला, होत असला किंवा होण्याची शक्यता असली तर सचिवालयाला विनाविलंब कळवणे.
• तातडीच्या राष्ट्रीय हितासाठीच सीमा कमी करणे, तसे केल्यास कारण कळवणे आणि शक्यतो भरपाई म्हणून अन्य क्षेत्र राखणे.
• प्रत्येक परिषदेपूर्वी राष्ट्रीय अहवाल सादर करणे आणि स्थळाचे माहितीपत्रक ठरावीक काळाने, किमान दर सहा वर्षांनी, अद्ययावत ठेवणे.

कराराच्या हाती असलेले सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे १९९० मध्ये सुरू झालेली ‘मॉन्त्रो नोंद’. धोक्यात आलेल्या स्थळांची ही यादी आहे. तीत नाव घालण्यासाठीही संबंधित देशाची संमती लागते. भारतातील केवलादेव, चिलिका व लोकताक ही स्थळे या यादीत आली. गाळ साचल्याने खालावलेल्या चिलिका सरोवराचा समावेश १९९३ मध्ये झाला. समुद्राकडे नवे मुख उघडल्यानंतर सरोवराची स्थिती सुधारली आणि २००२ मध्ये त्याचे नाव वगळले गेले. आंतरराष्ट्रीय यादीने तेथे लक्ष वेधले, काम मात्र ओडिशातील यंत्रणेने केले.

राष्ट्रीय व राज्य पातळीवरील मंडळे

करारासाठी भारताची प्रशासकीय यंत्रणा म्हणजे केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय. देशांतर्गत पातळीवर ठाणे खाडीला पुढील कायदेशीर चौकटी लागू होतात.

अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. या कायद्यानुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, तर राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. राष्ट्रीय मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्य शासनाला अभयारण्याची सीमा बदलता येत नाही. मोठ्या प्रकल्पांचे प्रस्ताव राज्य मंडळाकडून राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे जातात. मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गाला या समितीची मंजुरी २०१९ मध्ये मिळाली. हा मार्ग सुमारे सात किलोमीटर अंतर खाडीच्या तळाखालील बोगद्यातून जातो. हा निर्णय रामसर नोंदीपूर्वीचा असला, तरी नोंदीनंतरही असे निर्णय याच मंडळांकडे राहतात.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ रामसर स्थळांना लागू आहेत. मात्र वनकायदे, वन्यजीव कायदा व किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना यांखाली येणारे पाणथळ भाग या नियमांतून वगळलेले आहेत. ठाणे खाडीचा मोठा भाग या अपवादात मोडत असल्याने प्रत्यक्ष संरक्षण मुख्यतः वन्यजीव, वन व किनारी नियमनविषयक तरतुदींवर आधारलेले आहे.

न्यायालयांची भूमिकाही महत्त्वाची ठरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मधील अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीवर व त्यांवर भराव टाकण्यावर निर्बंध घातले. कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्कांचा भंग ठरतो, असे या निकालात म्हटले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील रामसर स्थळांच्या व्यवस्थापनावर संबंधित उच्च न्यायालयांनी देखरेख ठेवावी असे निर्देश दिले.

ऐरोली येथील यंत्रणा

महाराष्ट्र वनविभागाचा ‘कांदळवन कक्ष’ २०१२ मध्ये स्थापन झाला. अभयारण्याचे दैनंदिन व्यवस्थापन, गस्त व अतिक्रमणांवरील कारवाई या कक्षाकडे आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने ‘कांदळवन प्रतिष्ठान’ ही स्वायत्त संस्था स्थापन केली. संशोधन, लोकशिक्षण व उपजीविका यांसाठी निधी उभारणे आणि तो वापरणे हे तिचे काम आहे. कक्षाचे प्रमुख असलेले वनाधिकारीच प्रतिष्ठानचे कार्यकारी संचालक असतात. त्यामुळे नियमन करणारी यंत्रणा आणि निधी खर्च करणारी संस्था एकाच हाताखाली येतात. समन्वयाला याचा उपयोग होतो, परंतु स्वतंत्र देखरेखीची गरजही वाढते.

ऐरोली येथील खाडीकाठी वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. भारत–जर्मनी सहकार्य कार्यक्रमाच्या साहाय्याने ते उभे राहिले. येथे कांदळवने, मासे, खेकडे व पक्षी यांची माहिती देणारी दालने आहेत. रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटीही येथूनच सुटतात. शालेय सहलींमुळे सामान्य माणसाच्या दृष्टीने हे केंद्रच अभयारण्याचे प्रवेशद्वार झाले आहे.

कराराने अपेक्षिलेल्या ‘सुज्ञ वापरा’त स्थानिकांच्या उपजीविकेचा विचार येतो. खाडीच्या दोन्ही काठांवरील कोळी व आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आला आहे. राज्याच्या २०१७ च्या ‘कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजने’नुसार किनारी गावांत सहव्यवस्थापन समित्या स्थापन करून खेकडापालन, कालवेपालन, निसर्ग पर्यटन इत्यादी कामांना साहाय्य दिले जाते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी

खाडीतील पक्ष्यांविषयीचे दीर्घकालीन संशोधन १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) केले आहे. बर्डलाइफ इंटरनॅशनलची ती भारतातील भागीदार संस्था होय. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थेचा कारभार सभासदांनी निवडलेले नियामक मंडळ पाहते. म्हणजेच तिचे मंडळ सभासदांना उत्तरदायी आहे, तर रामसर कराराची स्थायी समिती सरकारांना. उपग्रह-खुणा बसवलेल्या रोहित पक्ष्यांच्या प्रवासातून ठाणे खाडीचे गुजरातमधील पाणथळ क्षेत्रांशी असलेले नाते या संस्थेने दाखवून दिले. सोसायटीच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असून शासनावर बंधनकारक नसतात.

सीमेचा प्रश्न

भरतीच्या वेळी खाडीतील चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि रोहितांना विसाव्यासाठी उथळ जागा शोधाव्या लागतात. नेरूळ–सीवूड्स परिसरातील तलाव व उरण तालुक्यातील पाणजे यांसारख्या जागा त्यासाठी महत्त्वाच्या आहेत, परंतु त्या रामसर सीमेच्या बाहेर आहेत. त्यांचे भवितव्य सिडको, महापालिका, वनविभाग व पर्यावरण विभाग अशा अनेक यंत्रणांच्या निर्णयांवर अवलंबून राहते.

सीवूड्स येथील डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडल्याचा मुद्दा २०२४ मध्ये रोहित पक्ष्यांच्या मृत्यूंनंतर ऐरणीवर आला. २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा निर्णय करारातील कोणत्याही समितीच्या आदेशाने झालेला नाही. स्थानिक पर्यावरणप्रेमींच्या तक्रारी, माध्यमांतील वार्ता आणि शासकीय समितीची पाहणी यांतून तो झाला.

अभयारण्याच्या हद्दीतील संरक्षण भक्कम असले, तरी पक्ष्यांच्या रोजच्या वावराचा काही भाग त्या हद्दीबाहेर राहतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. हद्दीबाहेरच्या जागांनाही कराराचे सुज्ञ वापराचे तत्त्व लागू आहे, कारण ते देशातील सर्व पाणथळ जागांसाठी आहे. ते पाळले जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र राज्यातील यंत्रणांवरच येते.

हेही पहा

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य • नांदूर मध्यमेश्वर • लोणार सरोवर • कांदळवन • बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी • ऐरोली