खानदेशचा रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध होते तेव्हा वाचणाऱ्याची नजर प्रथम रंगरूपावर जाते. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र आधी नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी वाचावी. नमुना कोणी धरला, कुठे धरला, कोणत्या तारखेला धरला, हे त्या चिठ्ठीवर असते. ती त्या नमुन्याचा सातबारा आहे. त्यात खोटा फेरफार झाला, तर पुढच्या पिढ्या भलत्याच शिवारात शोध घेत राहतात.

ज्यांना उडता येत नाही अशा भुंगेऱ्यांच्या बाबतीत हे फार तीव्रतेने जाणवते. दक्षिण आफ्रिकेतला सर्केलियम बॅकस हा मोठा काळा शेणभुंगेरा उडू शकत नाही, चालूनच फिरतो. अशा किड्याचा मुलूख छोटा असतो आणि जंगलाचा एक तुकडा गेला की तिथली सगळी वस्ती संपू शकते. त्याच्या वर्णनातून गाव वगळले, तर अर्धे वर्णनच वगळल्यासारखे होते. पंख असूनही आपला मुलूख सहसा न सोडणारे पक्षीही असतात. आपल्या खानदेशातला रानपिंगळा हा त्यातलाच, आणि एका चिठ्ठीमुळे काय घडते हे त्याच्या कागदपत्रांतून लख्ख दिसते.

पहिला कागद 1873 चा आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात एका नव्या घुबडाचे वर्णन छापले. नमुना आदल्या वर्षी एफ. आर. ब्लेविट यांनी बसना–फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात मिळवला होता. ह्यूम यांनी पक्ष्याला ब्लेविट यांचेच नाव दिले : हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. आपल्या गावागावांत दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च भरलेले असतात. या पक्ष्याचे डोके जवळपास कोरे, करड्या-तपकिरी रंगाचे. शेपटीवर आणि पंखांवर ठसठशीत पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नख्या दांडग्या. नमुना हातात घेऊन पाहणाऱ्याला दोघांतला फरक चटकन कळतो. झाडावर बसलेल्या पक्ष्याकडे लांबून पाहताना मात्र गफलत सहज होते.

दुसरा दाखला भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांचा. 1877 मध्ये त्यांना हा पक्षी खरियार इथे, आजच्या ओडिशात मिळाला. त्यानंतरची कागदपत्रे थेट आपल्या दारात येतात. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन तेव्हा खानदेशात होते. तो खानदेश एकसंध होता, जिल्ह्याचे ठाणे धुळे, आणि पूर्व व पश्चिम अशी फाळणी 1906 मध्ये व्हायची होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाववरून पुढे गेला होता, पण चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा अजून पडलेला नव्हता. अशा दिवसांत डेव्हिडसन यांनी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा आणि तळोदा भागात रानपिंगळ्याचे नमुने मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1882 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच आली. ती कच्ची यादी आहे असे तिच्या शीर्षकातच त्यांनी नमूद केले होते. चिठ्ठ्यांवर मात्र गावे नीट लिहिली होती, आणि पुढे सगळे काम त्या गावांनीच केले.

1884 नंतर हा पक्षी कागदावरून नाहीसा होतो. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने ओळखीचे होते. विसाव्या शतकातला म्हणून एकच नमुना पुढे केला जाई. त्याच्या चिठ्ठीवर स्थळ होते तापीकाठचे मांडवी, गुजरात, साल 1914, आणि नमुना मिळवणारा कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन. हा माणूस लष्करी हेर म्हणून नावाजलेला आणि पक्षिअभ्यासात दबदबा असलेला. त्याचा सुमारे 20,000 पक्ष्यांचा संग्रह 1954 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्या एका चिठ्ठीने पक्ष्याची शेवटची तारीख तीस वर्षांनी पुढे ढकलली आणि त्याचा मुलूख गुजरातपर्यंत वाढवला. मांडवीच्या बाजूला शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही, आणि पक्षी बहुधा नामशेष झाला असे मानले जाऊ लागले.

संशयाला आधार मिळाला तो दुसऱ्याच पक्ष्यांवरून. 1993 मध्ये ॲलन नॉक्स यांनी माइनर्टझागेनच्या संग्रहातले काही छोटे पक्षी तपासले आणि ते इतरांनी मिळवलेले, चोरून नव्या चिठ्ठ्या लावलेले नमुने असल्याचे दाखवले. पुढे दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचा ग्रंथ तयार करत असलेल्या पामेला रासमुसन यांनी मांडवीचा पिंगळा तपासायला घेतला. पक्ष्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, टाके घालताना प्रत्येकाच्या हाताला एक वळण असते. डेव्हिडसन यांच्या हाताचे वळण त्यांच्या इतर नमुन्यांवरून ठाऊक होते. मांडवीच्या पक्ष्याचे क्ष-किरण चित्र काढले, आतले भरण पाहिले, तेव्हा जुने काम उसवून पुन्हा शिवल्याच्या खुणा सापडल्या, आणि मूळचा हात डेव्हिडसन यांचा ठरला. हा पक्षी 1880 च्या दशकातल्या खानदेशचा होता. तो ब्रिटिश म्युझियममधून उचलला गेला आणि वेगळी चिठ्ठी लावून नवा म्हणून मांडला गेला. रासमुसन आणि नायजेल कॉलर यांनी हा सगळा पुरावा 1999 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडला.

मांडवी खोटी ठरल्यावर शोधायला तीनच जागा उरल्या : बसना, खरियार आणि शहादा. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जागांवर हिंडले. तिथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याकडे आले, आणि 25 नोव्हेंबरला सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडीत, दिवसाढवळ्या, कोऱ्या डोक्याचा पिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांचा खंड संपला. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला, त्यामुळे शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. पक्षी सापडला तो डेव्हिडसन यांच्या खानदेशातच.

त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी शोध पुढे नेला. मेळघाट, यावल, तोरणमाळ अशा ठिकाणी पक्षी भेटला. पुढे तो ठाणे-पालघरकडच्या तानसा अभयारण्यातही दिसला. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा झाला. गुजरातेत डांगच्या बाजूलाही त्याच्या नोंदी झाल्या. मग मांडवीची चिठ्ठी इतकी खोटी तरी होती का, असे कोणी विचारील. पक्षी गुजरातेत आहे हे आज खरे आहे. तरीही 1914 चा तो विशिष्ट पक्षी मांडवीला मिळाला हे खोटेच राहते. योगायोगाने जुळलेले विधान पुरावा होत नाही. ज्यांनी खरोखर पाहिले, त्यांच्याच नोंदींवर गुजरातचा हक्क उभा आहे.

माइनर्टझागेनने नुसता एक नमुना चोरला असता, तर म्युझियमची एक वस्तू गेली असती. खोट्या गावामुळे मात्र एका जातीच्या शोधाची वाट चुकली, आणि त्या दशकांत पायथ्याची झाडी तुटत असताना तिथला पिंगळा कोणाच्या हिशेबात नव्हता. ज्या जीवाचा पत्ताच चुकीचा लिहिलेला आहे, त्याला संरक्षण कुठे द्यायचे? चोरीपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

चाळीसगावच्या वाचकासाठी यात थेट काम आहे. जुन्या खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुडा, तशी दक्षिण सीमेवर आपली सातमाळा-अजिंठ्याची रांग, पाटणादेवी आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्य. पावसाळ्यात तिथे हिंडणारे शिक्षक आणि महाविद्यालयातली मुले मोबाइलवर भुंगेरे, पाली, पक्षी टिपतात आणि खाली लिहितात ‘गौताळा’. एवढे पुरत नाही. गाव लिहा, नाला लिहा, तारीख लिहा, स्वतःचे नाव लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. संरक्षित जंगलातला जीव परवानगीशिवाय उचलू नका, पण नोंद करायची मात्र राहू देऊ नका. डेव्हिडसन यांची यादी कच्ची होती, ते तसे सांगतही होते, आणि तरी शतकानंतर त्यांच्या चिठ्ठ्यांच्या आधाराने माणसे नेमक्या जागी पोचली, कारण चिठ्ठ्यांवरची गावे खरी होती.