किनाऱ्यावरच्या रंगीत गोगलगायी कशा ओळखल्या गेल्या

मुंबई-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत बिनशंखी समुद्री गोगलगायी सापडतात. पुष्कळशा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या. त्यांची पहिली ओळख रंगावरून पटते आणि नेमका तोच टिकत नाही. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उतरतो, बाटलीत पांढुरका गोळा उरतो. म्हणून या जीवांच्या नामकरणात जिवंतपणी काढलेल्या चित्रांना फार मोल आहे.

भारतात अशी चित्रे आधी पूर्व किनाऱ्यावर झाली. मुलकी अधिकारी वॉल्टर एलियट याने विशाखापट्टणमजवळ वॉल्टेअरला गोगलगायी जमवल्या, त्यांची चित्रे करवून घेतली. आल्डर आणि हँकॉक यांनी १८६४मध्ये त्यांची वर्णने छापली.

मुंबईची पाळी बरीच उशिरा आली. विंकवर्थ यांनी १९४६मध्ये इथल्या ग्लॉसोडोरिस गोगलगायींवर लेख लिहिला आणि एका जातीला ‘बॉम्बेयाना’ नाव दिले. ती नंतर क्रोमोडोरिस वंशात गेली. २०१२मध्ये जॉन्सन आणि गॉस्लिनर यांनी डीएनएच्या आधारे क्रोमोडोरिसच्या कुळाची फेरमांडणी केल्यावर ती गोनिओब्रँकसमध्ये आली. वंश बदलत गेले, मुंबईचे नाव टिकले.

या कुळातल्या गोगलगायी स्पंज खातात आणि त्यातली बेचव, विषारी रसायने कातडीखालच्या ग्रंथींत साठवतात. भडक रंग हा माशांना दिलेला इशारा असतो. शेजारच्या अनेक जातींचा इशारा सारखाच असला की मासे तो लवकर शिकतात आणि सगळ्याच वाचतात. ऑस्ट्रेलियाचे बिल रुडमन यांनी अशा सारख्या दिसणाऱ्या जातींचे रंगगटच मांडले. उलट एकाच जातीत वेगवेगळे रंगही दिसतात, त्यामुळे नुसत्या छायाचित्रावरून नाव देणे धोक्याचे ठरते.

जाणकार आधी पाठीच्या कडेवरचे पट्टे बाहेरून आत कोणत्या क्रमाने आहेत ते पाहतात; मग डोक्यावरच्या शिंगांची टोके आणि मागच्या कल्ल्यांचा झुबका. तरी शंका उरली तर विच्छेदन करावे लागते. जिभेवरच्या सूक्ष्म दातांची ठेवण आणि जननेंद्रियांची रचना रंगापेक्षा भरवशाची असते.

रत्नागिरीच्या मिऱ्या उपसागरातल्या जातींची सचित्र नोंद विशाल भावे आणि दीपक आपटे यांनी २०११मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात केली. २०२०मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रॅटेना वंशातल्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या, तेव्हा शरीररचना आणि डीएनए असे दोन्ही पुरावे सोबत मांडले गेले.