नोंदवही सरकारची, कमाई कोणाची?

भिवंडीच्या पूर्णा, काल्हेर, राहनाळ पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि ट्रकचालक, हमाल, कुटुंब गावी ठेवून आलेले मजूर आले. त्याआधी यंत्रमागांनीही असेच एकटे पुरुष शहरात आणले होते. भिवंडीच्या हनुमान टेकडीवरील बायांना नावे ठेवताना या गिऱ्हाइकाचा हिशेब कोणी मांडत नाही. मला हा व्यवसाय मान्य नाही. पण तो कायदेशीर केला तर सरकारला कर मिळेल आणि बाईला हक्क, असे जे सांगितले जाते, ते आपल्याच इतिहासावर तपासून पाहायला हवे.

सरकारी नोंदीची कल्पना इंग्रजांची नव्हे. अकबराने राजधानीबाहेर ‘शैतानपुरा’ वसवून तिथे दरोगा आणि कारकून नेमले, येणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाई, असे बदायुनीने नोंदवले आहे. तिथे निदान गिऱ्हाइकाचे नाव तरी वहीत चढत होते!

इंग्रजांनी ते उलटे केले. गोऱ्या शिपायांना आणि खलाशांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून 1868चा सांसर्गिक रोग कायदा आला आणि 1870मध्ये मुंबईत लागू झाला. बाईने नाव नोंदवायचे, ठरल्या दिवशी तपासणीला जायचे, रोग निघाला तर लॉक हॉस्पिटलात अडकून पडायचे. हजर न राहिल्यास दंड किंवा कैद. हॉस्पिटलात गेलेले दिवस म्हणजे बुडालेली कमाई. घरभाडे आणि सावकाराचे व्याज मात्र थांबत नसे. पुरुषाची तपासणी नव्हती. साहजिकच बाया नोंदणी चुकवू लागल्या. फायदा लष्कराचा, मग खर्च शहराने का सोसायचा, हा वाद पेटला. नगरपालिकेने पैसे देण्यास नकार दिला आणि 1872मध्ये कायदा गुंडाळावा लागला. 1880मध्ये तो परत आला, 1888मध्ये कायमचा गेला. या सगळ्या भांडणात बाईच्या कमाईवर तिचा हक्क किती, हा प्रश्न सरकारने विचारलाच नाही.

स्वतंत्र भारताच्या 1956च्या कायद्याने बाईचे काम थेट गुन्हा ठरवले नाही. कुंटणखाना चालवणे आणि तिच्या कमाईवर जगणे हे गुन्हे ठरवले. हेतू दलालाला पकडण्याचा. पण तिच्या पैशावर जगणारी म्हातारी आईसुद्धा या व्याख्येत बसू शकते. खोली देणाऱ्याला कारवाईची भीती; त्या भीतीची किंमत तो भाड्यात वसूल करतो. बँक दूर, सावकार दारात. म्हणूनच कोलकात्याच्या सोनागाछीतील बायांनी 1995मध्ये ‘उषा’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

जर्मनीने 2002मध्ये या कामाला कायदेशीर मान्यता दिली, 2017मध्ये नोंदणी सक्तीची केली. 2022च्या अखेरीस नोंद होती सुमारे 28 हजारांची. प्रत्यक्षातला आकडा याच्या कितीतरी पट असल्याचे तिथलेही मानतात. नाव एकदा कागदावर आले की पुढे दुसरे काम, लग्न, मुलांची शाळा कशी निभावणार, ही धास्ती तिथेही आहे.

महाराष्ट्रात वहीचा वेगळा उपयोग एकदा झाला. टाळेबंदीत गिऱ्हाईक बंद झाले. सप्टेंबर 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायांना शिधा द्या, असे सांगितले. राज्य सरकारने सुमारे 31 हजार जणींना ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा 5,000 रुपये, शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी 2,500 रुपये जाहीर केले. यादीत नाव असणे प्रथमच तिच्या फायद्याचे ठरले, तेही तीन महिन्यांपुरते.